खोगिराशेजारची बॅटरी

बादार्च ड्रायव्हर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणते. नात्यानं मी मेव्हणी, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायचा पहिला हक्क माझा. बाकीच्यांनी मागाहून बोलावं. गावात माझं दुकान आहे, पीठ-मीठ-साखरेपासून मोज्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि बोलणी मी फुकट देते. पण एक सांगते, दाजींना नावं ठेवायला बसले की मलाच पंचाईत होते. माणसात खोट काढायची कुठून? हट्टी आहेत, एवढंच. पण तो हट्ट असा, की खेचराला शिकवावा.

आमचं गाव नदीकाठच्या खोलगटात आहे. थंडी डोंगरावरून उतरते आणि इथंच मुक्काम ठोकते. उणे चाळीस म्हणजे आम्हाला ‘आज जरा गारठा आहे’. या गावातून जिल्ह्याच्या गावाला जाणारी गाडी दाजींची. गाडी जपानी, डिझेलवर चालणारी, जपानात कुणीतरी वापरून टाकलेली आणि दाजींनी मात्र नव्या नवरीसारखी जपलेली. दवाखाना, कोर्ट, पेन्शन, लग्न, मयत, कशालाही जायचं असलं की माणसं त्यांचंच दार वाजवतात. आज जायचं, उद्या परत यायचं, हा त्यांचा क्रम. तरुणपणी ते सरकारी ट्रक चालवायचे. तेव्हा पहाटे इंजिनाखाली शेकोटी पेटवायची आणि लोखंडी दांडा फिरवून गाडी जागी करायची. दांडा उलटा फिरून किती जणांचे हात मोडले, त्याला गणती नाही. दाजी म्हणायचे, “त्या ट्रकपुढे बॅटरीवर चालू होणारी गाडी म्हणजे देवमाणूस.”

पण या देवमाणसाला थंडी सोसत नाही. रात्रभर बाहेर राहिली की सकाळी बॅटरीत काही राम उरत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे ड्रायव्हर संध्याकाळी बॅटरी सोडवून घरात आणतात आणि सकाळी परत नेऊन लावतात. ज्याच्याकडे शेगडीचं गॅरेज आहे त्याची गोष्ट वेगळी. दाजी राहतात गेरमध्ये, लोकरीच्या नमद्याच्या गोल घरात. दारातून आत शिरलं की डावी बाजू पुरुषांची आणि उजवी बायकांची. डावीकडे खोगीर, लगाम, चाबूक. उजवीकडे पाण्याचे कॅन, दुधाच्या बादल्या, कढया. पुरुषाच्या खोगिराला बाईनं उगाच हात लावायचा नाही, ओलांडायचं तर मुळीच नाही. आणि पुरुषानंही बायकांच्या बाजूला जाऊन भांड्यांत लुडबुड करायची नाही. दाजींची बॅटरी डावीकडे खोगिराशेजारी असायची, जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर. इतर लोक शेगडीला चिकटवून ठेवतात. दाजी तसं करू देत नसत. म्हणायचे, “तिला ऊब हवी, चटका नको.”

गावात यावरून चेष्टा चालायचीच. “बादार्चदादा, बॅटरीवर पांघरूण घातलं का?” असं कुणी विचारलं की दाजी म्हणायचे, “घातलं. ती तुझ्यासारखी घोरत नाही, म्हणून घरात घेतो.”

यंदाच्या हिवाळ्यात मात्र एक नवल घडलं. एका सकाळी दाजींची बॅटरी गाडीतच सापडली. रात्रभर बाहेर. आधीच म्हातारी, अर्धी उतरलेली, त्यात ती थंडी. आतलं पाणी गोठलं आणि तिची कूस फुगली. मेली ती तिथंच. दाजी म्हणाले, “विसरलो.”

विसरलो? हा माणूस स्वतःचा वाढदिवस विसरेल, लग्न झालंय हे विसरेल, पण बॅटरी? ताई, म्हणजे माझी बहीण दोल्गोर, नुसती हसली. “वय झालं आमच्या म्हाताऱ्याचं,” म्हणाली आणि चहात नेहमीचं मीठ टाकायला वळली. मला काही ते पटलं नाही. मी मनात म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

नवी बॅटरी आणायला जिल्ह्याच्या गावी जायला हवं होतं. मला दुकानाचा माल भरायचा होताच. आम्ही दोघं तुगुल्दुरच्या गाडीनं निघालो. तुगुल्दुर म्हणजे गावातला दुसरा ड्रायव्हर. तरुण पोरगा, गाडी नवी, गॅरेजला शेगडी, तोंडात सदा च्युइंगम. स्वभावानं वाईट नाही. पण दाजी त्याच्या गाडीत मागच्या बाकावर पाहुण्यासारखे बसले होते, ते बघून माझाच जीव कसानुसा झाला. ज्या माणसानं या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा नावानं ओळखावा, तो गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसला होता.

बॅटरीच्या दुकानात जिगमेद नावाचा माणूस आहे. गोड बोलतो, पण मालाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, “काका, गाडी कुठली? डिझेल? जपानी म्हणजे वायर जोडायच्या खुंट्या बारीक हव्यात, जाड चालणार नाहीत. प्लसची खुंटी कुठल्या बाजूला? बसवायची जागा केवढी आहे?” दाजींनी सगळं नीट सांगितलं. जिगमेदनं एक भलीथोरली बॅटरी पुढे सरकवली. “मग ही घ्या. डिझेल इंजिन थंडीत फिरवायला जोर लागतो. हा बघा, इथं लिहिलाय गारठ्यातला जोर. याच्याखाली उतरू नका.”

दाजींनी लिहिलेल्याकडे बघितलंच नाही. खाली वाकले, दोन्ही हातांनी बॅटरी धरली आणि उचलायला गेले. जमिनीपासून चार बोटं उचलली असेल, लगेच खाली ठेवली. मग शेजारची धरली. तीही ठेवली. मग तिसरी. एकेक करत ते सगळी रांग उचलून बघत चालले.

“काका, मेंढी निवडताय का?” जिगमेद हसायला लागला. “हिला कुठं चरबी असते!”

दुकानातले आणखी एकदोघं हसले. मीही हसणारच होते. तेवढ्यात दाजींच्या कपाळाकडे लक्ष गेलं. दारातून बोचरा वारा आत येत होता आणि या माणसाच्या कपाळावर घाम. डावा हात जांघेशी दाबून धरलेला. माझं हसू तिथंच विरलं.

शेवटी त्यांनी एक छोटी बॅटरी उचलली. ती नीट छातीपर्यंत आली. “ही दे,” म्हणाले.

“ही? काका, ही पेट्रोलच्या छोट्या गाडीची आहे. तुमचं इंजिन हिच्यानं फिरणार नाही. आज फिरेल, उद्या फिरेल, खरी थंडी पडली की मान टाकेल. मग मला शिव्या द्याल.”

“नाही देणार. ही दे.”

“अहो, पण—”

“अरे बाबा, मी ट्रक चालवत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता. दे म्हटलं ना!”

जिगमेदनं माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि दिली.

बाहेर आल्यावर मी त्यांचा रस्ताच अडवला. “दाजी, काय झालंय?”

“कुठं काय?”

“माझ्यासमोर सोंग नको. विसरलात म्हणे! तुम्ही विसरला नव्हता, तुम्हाला ती उचलवली नाही. खरं की खोटं?”

त्यांनी बॅटरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “हर्निया आहे. शरद ऋतूत डॉक्टरांनी सांगितलं. राजधानीला, उलानबाटरला जाऊन ऑपरेशन करा म्हणाले, तोवर जड उचलायचं नाही. वसंतात जाईन. हिवाळा तेवढा काढतो.”

“आणि ताईला?”

“तिला कळलं तर गाडी बंद.” त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. “यांजमा, माझे वडील म्हणायचे, ज्याला स्वतःचं खोगीर उचलवत नाही, त्यानं घोड्यावर बसू नये. मी एकदा उतरलो तर परत चढणार नाही गं. हिवाळ्यात लोक तुगुल्दुरकडे गेले की वसंतात परत येतील का? आणि मग मी काय करू? घरात बसून तुझ्या बहिणीच्या कढया मोजू?”

आता सांगा, यावर काय बोलायचं? मी चिडले. माझं तसंच आहे, रडू आलं की मी चिडते. म्हटलं, “आतडं बाहेर आल्यावर कळेल कढया बऱ्या की गाडी बरी.” पण ताईला सांगणार नाही, असं कबूल करून बसले. त्यांनी ती छोटी बॅटरी परतीच्या वाटेवर पायांत धरून आणली.

जिगमेदचं बोलणं खोटं कसं ठरेल? थोडे दिवस बरे गेले. मग पांढऱ्या धुक्याची थंडी आली, ज्यात चुलीचा धूर वर जायचंही विसरतो. त्या सकाळी गाडीत माणसं बसलेली होती. त्सेवेलआजी डोळ्याच्या ऑपरेशनला निघाली होती, एक जोडपं तान्हं बाळ घेऊन, शाळेचे मास्तर. दाजींनी किल्ली फिरवली. गाडी कण्हली. परत फिरवली. नुसतं टिक टिक. त्यांनी बॅटरी काढून आत नेली, उबदार केली, परत आणून लावली. पुन्हा टिक टिक. बाळ रडायला लागलं. मास्तर खाली उतरून पाय आपटत होते.

एवढ्यात तुगुल्दुरची गाडी आली. पोरानं काच खाली केली, च्युइंगम चघळत म्हणाला, “बादार्चदादा, माझ्याकडे जागा आहे. घेऊन जाऊ का यांना?” त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, मी शपथेवर सांगते. पण कधी कधी खोच नसलेलंच जास्त टोचतं. माणसं एकेक करून उतरली आणि त्या गाडीत बसली. त्सेवेलआजी जाताना दाजींना म्हणाली, “राहू दे रे बाळा, आता तूही दमलास.” सत्तरीला आलेलं बाळ! दाजींनी तिची पिशवी स्वतः नेऊन त्या गाडीत ठेवली, दार लावलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभे राहिले. मग घरात जाऊन खोगिराशेजारी खाली बसले. मीही मागोमाग आत गेले. चहा गार झाला तरी उचलला नाही.

“बॅटरी छोटी आणलीत ना?” ताई म्हणाली. “मला तेव्हाच वाटलं होतं. पैशाकडे बघितलंत. एवढी कंजुषी कशाला?”

दाजी म्हणाले, “हो. चुकलंच माझं.”

आणि माझा तोल गेला. या माणसानं जन्मभर कुणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही नेलं, आणि तो कंजूष म्हणवून घेतोय, मान खाली घालून! मी म्हटलं, “कंजूष नाही गं, येडा आहे तुझा नवरा! मोठी त्याला उचलवत नाही. हर्निया आहे. गाडी बंद करशील म्हणून तुला सांगितलं नाही.”

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर दाराबाहेर पळाली असती. मी बसून राहिले. कबूल केलं होतं, मोडलं. परत वेळ आली तर परत मोडेन.

ताई उठली. शेगडीत दोन शेणी सारल्या, झाकण लावलं, हात झटकले. मला वाटलं रडेल. छे! ती अशी भडकली की गेरचे खांब हलावेत.

“लग्न झाल्यापासून विहिरीवरून पाणी कोण आणतं? मी. बर्फाच्या लाद्या कोण फोडते? मी. शेणाची पोती, पिठाची पोती, वासरं, कोकरं, तुमची पोरं, सगळं मी उचललं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की दोल्गोरला झेपेल का! आणि आता ती टीचभर डबी उचलायला मी नाजूक झाले होय?”

“तसं नाही गं—”

“मग कसं? आतड्याचं सांगायला लाज वाटली? कोणाची? माझी?”

“ते ड्रायव्हरचं काम आहे,” दाजी पुटपुटले. “ज्याचं खोगीर त्यानं—”

“खोगीर गेलं खड्ड्यात!” ताई म्हणाली. तिच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. दाजींनी तर दचकून खोगिराकडेच बघितलं, त्यानं ऐकलं की काय म्हणून.

पुढच्या फेरीला ताई ती छोटी बॅटरी घेऊन एकटीच तुगुल्दुरच्या गाडीनं गेली. जिगमेदच्या दुकानात काय झालं ते तुगुल्दुरनं मला सांगितलं. जिगमेद म्हणाला, वापरलेली परत घेता येत नाही. ताई म्हणाली, बरं. आणि स्टूल ओढून दारातच बसली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, “तुमच्या घरी बॅटरी कोण उचलतं? तब्येत ठीक आहे ना त्यांची?” गिऱ्हाइकं हसायला लागली, मग गंभीर व्हायला लागली. शेवटी जिगमेदनं हात जोडले, वरचा फरक घेऊन मोठी बॅटरी दिली आणि खुंट्यांना लावायचं ग्रीसही फुकट दिलं. येताना मागच्या बाकावर तिनं ती मांडीवर घेतली होती.

ती परत आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. तमाशा चुकवायचा नव्हता. ताई बॅटरी घेऊन आत आली. चेहरा लाल, श्वास जोरात, पण पाऊल ठाम. दाजी उठून डावीकडचा गालिचा नीट करायला लागले. ती तिकडे वळलीच नाही. सरळ उजवीकडे गेली, पाण्याचा कॅन पायानं बाजूला केला आणि दुधाच्या बादल्यांशेजारी बॅटरी ठेवली.

“इकडे ठेव ना,” दाजी म्हणाले.

“इकडे म्हणजे कुठं?”

“खोगिराशेजारी.”

“का? खोगिराला एकटं वाटतंय?”

मला हसू आवरेना. दाजींना काही हसू आलं नाही. “अगं, ती पुरुषांच्या बाजूची वस्तू आहे.”

“होती,” ताई म्हणाली. “आता माझ्या बाजूला आहे. या बाजूला जे जे आहे ते मी उचलते, मी ठेवते. तुम्ही माझ्या बादल्यांना कधी हात लावलाय? मग हिलाही लावायचा नाही. तुम्ही फक्त खुंट्या आवळा, किल्ली फिरवा, गाडी हाका. ड्रायव्हर तुम्हीच.”

रीत दाजींच्याच बापजाद्यांची. त्यांनी तपकिरीची बाटली काढली, बोटांत फिरवली, ओढली नाही. डोळे ओले झाले होते ते एरवी शेगडीच्या धुरावर ढकलता आलं असतं, पण त्या दिवशी शेगडीला धूर नव्हता. मी छपराकडे बघत बसले.

मग ते एकदम म्हणाले, “आणि तिकडे?”

“तिकडे काय?”

“जिल्ह्याच्या गावी मुक्काम असतो. तिथं संध्याकाळी ती आत कोण आणणार? सकाळी बाहेर कोण नेणार?”

ताईच्या हातातला डाव थांबला. हा विचार तिनं केलाच नव्हता. मीही नव्हता केला. म्हटलं, झालं, एवढं करून शेवटी अडलंच. तुगुल्दुरचीच गाडी खरी.

ताई शेगडीकडे बघत म्हणाली, “कोण म्हणजे? मीच.”

“दर वेळी?”

“वसंतापर्यंत. तुमचं ऑपरेशन होईपर्यंत.”

“आणि गायी?”

“यांजमा बघेल.”

मला कुणी विचारलं नाही. पण मी काही बोलले नाही, याची गावानं नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी गाडीत पुन्हा माणसं आली. त्सेवेलआजीचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं, तीही काठी टेकत आली आणि पुढच्या जागेवर बसली. ताईनं बॅटरी आणून जागेवर ठेवली. बघणाऱ्यांनी बघितलं. शेजारच्या एकानं कुंपणावरून हाळी दिली, “काय बादार्चदादा, हमाल ठेवला वाटतं!” दाजी खुंट्या आवळत होते. मान वर न करता म्हणाले, “हमाल नाही रे. मालकीण.” किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. गाडीतली माणसं ओरडली, मास्तरांनी तर टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे गाडी निघताना घरची बाई चाकांवर दूध शिंपडते, वाट पांढरी, म्हणजे सुखाची, व्हावी म्हणून. ताई सवयीनं डाव आणि दूध घेऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती अशीच मागे उभी राहिलेली. मी तिच्या हातातून डाव काढून घेतला. म्हटलं, “आज तू जातेयस. मी शिंपडते.” मग ती गोंधळून मागचं दार उघडायला गेली, बाकावर माणसांत कुठं मावतेय का बघायला.

दाजी गाडीतून खाली उतरले. फिरून पलीकडे गेले, पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, “आजी, रागावू नका, जरा मागं बसा. इथं माझी बायको बसणार आहे.”

“अहो, असू द्या!” ताई लाजून लाल झाली. “आजींचा डोळा दुखतोय. मी बसते की मागं.”

“मागच्या काचा गोठलेल्या असतात,” दाजी म्हणाले. “मागून काही दिसत नाही. मी जन्मभर ज्या रस्त्यानं गेलो, तो तू पुढून एकदाही बघितला नाहीस. बस.”

त्सेवेलआजी कुरकुरत मागं सरकली. ताई लांब कोटाची कडा दोन्ही हातांनी गोळा करून पुढं बसली, अंग चोरून, दुसऱ्याच्या घरात बसावं तशी. दाजींनी दार लावलं, लागलं की नाही ते दोनदा ओढून बघितलं. गाडी हलली. मी दूध शिंपडलं आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. गाडी वळताना पुढच्या दाराच्या काचेतून दाजींचा हात दिसत होता. ते बोटानं तिला काहीतरी दाखवत होते, आणि माझी बहीण मान वळवून बघत होती.